छोट्या संस्थांच्या जाळ्यासाठी स्वतःचा मेल आणि कॅलेंडर सर्व्हर : आखणीत काय काय धरावं?

अर्धविराम

चार लहान ना-नफा संस्था एकत्र काम करतात. मिळून ४५ माणसं, तीन डोमेन, आणि 'माहिती', 'हिशेब', 'स्वयंसेवक' असे बाराएक कामाचे पत्ते. सध्या निम्मा पत्रव्यवहार लोकांच्या वैयक्तिक खात्यांवर आहे, एका डोमेनची मेल जुन्या शेअर्ड होस्टिंगवर आहे आणि सभागृहाचं बुकिंग एका स्प्रेडशीटमध्ये.

हवं ते असं : पत्रव्यवहार संस्थेच्या डोमेनवर राहावा आणि माणूस गेला तरी संस्थेकडे टिकावा. चारही संस्थांना दिसतील अशी सामायिक कॅलेंडरं. सगळं फोनवर चालावं. सांभाळायला दोन स्वयंसेवक, दोघांनाही लिनक्स येतं, पण आठवड्याला एखाद-दोन तासांपेक्षा जास्त वेळ नाही.

कच्चा आराखडा : एक व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), ४ जीबी रॅम, त्यावर मेलकाऊ हा मेल सर्व्हरचा तयार सॉफ्टवेअर-संच, कॅलेंडर त्यातल्याच सोगो या भागावर. यात काय चुकतंय ते सांगा.

दोरखंड

४ जीबी पुरणार नाही. मेलकाऊच्या अधिकृत सूचनांतच किमान ६ जीबी रॅम आणि १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) लिहिलं आहे. व्हायरस तपासणारं क्लॅमएव्ही एकटंच सह्यांची (व्हायरसच्या ओळखखुणांची) यादी मेमरीत ठेवून १ जीबीच्या वर घेतं, आणि यादी ताजी करताना काही काळ त्याहून जास्त. रॅम संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) एखादी प्रोसेस मारतं, आणि ती नेमकी कुठली हे आपल्या हातात नसतं. ८ जीबी घ्या. व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका यंत्राचे अनेक सर्व्हर करायची पद्धत, केव्हीएम असावं. ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी कंटेनरला मेलकाऊचा पाठिंबा नाही.

डिस्कचा हिशेब : ४५ खाती प्रत्येकी ३ जीबी म्हणजे १३५, कामाची १२ खाती प्रत्येकी ५ जीबी म्हणजे ६०. झाले १९५. शोधासाठीचा इंडेक्स, लॉग, डॉकरच्या इमेज (मेलकाऊचे भाग ज्या तयार गठ्ठ्यांत येतात ते) आणि अपग्रेडच्या वेळी लागणारी मोकळी जागा धरून ३०० जीबीच्या आसपास घ्या. कोटा पहिल्या दिवसापासून लावा, कारण नंतर कमी करायला गेलं की प्रत्येकाशी वाद.

पण पैसे भरण्याआधी होस्टिंगवाल्याला तीन गोष्टी लेखी विचारा. बाहेर जाणारा पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, उघडा आहे का, नसेल तर उघडून मिळेल का? पीटीआर नोंद (सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून, त्याचं नाव सांगणारी) आपल्याला लावता येते का? आणि मिळणारा आयपी स्पॅमहॉससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या यादीत आहे का? तिसरं तर सर्व्हर हातात आल्यावरच कळतं, म्हणून आयपी मिळताक्षणी तपासा आणि खराब असेल तर काहीही इन्स्टॉल न करता बदलून मागा. मेल सर्व्हर उभा करणं एका दुपारचं काम आहे. तिथून पाठवलेली पत्रं समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पोचवणं हे खरं काम, आणि ते आयपीपासून सुरू होतं.

घरच्या किंवा ऑफिसच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. असे बहुतेक आयपी 'इथून थेट मेल यायला नको' अशा धोरणाच्या यादीत आधीच असतात आणि मोठे मेलवाले दारातूनच परत पाठवतात.

पत्रावळ

दोरखंड यांना दुजोरा. आता डीएनएसचं (डोमेनच्या नावांच्या नोंदींचं) लिहिते, कारण तीन डोमेन म्हटल्यावर लोक तीन-तीन सर्व्हरनावं करायला जातात. गरज नाही. सर्व्हरचं एकच नाव ठरवा, तिन्ही डोमेनच्या एमएक्स नोंदी (मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणाऱ्या) त्याच नावाकडे वळवा, पीटीआर त्याच नावाचा, आणि पोस्टफिक्स (मेलकाऊतला पत्रं घेणारा-पाठवणारा भाग) ओळख देताना तेच नाव सांगेल असं पाहा. नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत.

आयपीव्ही६ (आयपीव्ही४ नंतरची नवी पत्ता-पद्धत) चालू असेल तर त्याचाही पीटीआर लागतो. तो विसरला की गंमत अशी होते की काही पत्रं जातात, काही नाकारली जातात, कारण सर्व्हर कधी या वाटेने पाठवतो कधी त्या. जीमेल याबाबतीत कडक आहे. व्ही६ चा पीटीआर लावता येत नसेल तर पोस्टफिक्सला पाठवताना फक्त व्ही४ वापरायला सांगा.

एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने पाठवावं ते सांगणारी नोंद) : नोंद आखूड ठेवा. एमएक्स आणि शेवटी वजा-ऑल (बाकी सगळे नामंजूर), बस. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद. दोन टाकल्या तर दोन्ही बाद. आणि तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस शोध लागले तर निकाल थेट त्रुटी. प्रत्येक इन्क्लूड (दुसऱ्याची एसपीएफ नोंद जोडणं) मोजला जातो, त्याच्या आतले इन्क्लूडसुद्धा. वर्गणीची सेवा, फॉर्मची सेवा, वार्तापत्राची सेवा असं एकेक जोडत गेलं की मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही.

डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) : २०४८ बिटची किल्ली. तिची टीएक्सटी (मजकुराची डीएनएस) नोंद २५५ अक्षरांपेक्षा लांब होते, म्हणून ती अवतरणचिन्हांतल्या दोन तुकड्यांत टाकावी लागते. काही डीएनएस पॅनेल लांब नोंद मुकाट्याने कापतात. नोंद टाकल्यावर डिग कमांडने बाहेरून वाचा आणि किल्लीचं शेपूट जुळतं का पाहा.

डीमार्क (या दोन्हींत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद) : सुरुवातीला धोरण 'नन' (काहीच नको) आणि अहवालाचा पत्ता. महिनाभर अहवाल वाचा. तुम्हाला माहीत नसलेला कुणीतरी तुमच्या डोमेनवरून पाठवत असतोच. बहुधा वेबसाइटचा संपर्क फॉर्म. ते मार्गी लावून 'क्वारंटाइन' (बाजूला ठेवा), मग 'रिजेक्ट' (नाकारा). फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५००० किंवा जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे. लहानांना कागदोपत्री थोडी सूट आहे. त्या सुटीवर विसंबू नका.

केतकी_क

सगळं बरोबर, पण एक पायरी आधीचा प्रश्न विचारते. हे स्वतः चालवायलाच हवं का? मोठ्या कंपन्यांच्या नोंदणीकृत ना-नफा संस्थांसाठी मोफत किंवा सवलतीच्या योजना आहेत. ४५ खाती त्यात आरामात बसतात. आठवड्याचे दोन तास हे चांगल्या आठवड्याचं गणित आहे. आयपी काळ्या यादीत गेला, डिस्क भरली, की दोन तासांत भागत नाही, आणि तेव्हा दोघांपैकी एक परीक्षेत आणि दुसरा प्रवासात असू शकतो.

स्वतःच चालवायचं कारण ठोस असेल, म्हणजे माहिती कुठल्या देशात राहते, पीडितांशी पत्रव्यवहार आहे, किंवा एका कंपनीच्या अटींवर अवलंबून राहायचं नाही, तर मग माझी शिफारस : पेट्या आणि कॅलेंडर आपल्याकडे, येणारी मेल थेट आपल्याकडे, पण जाणारी मेल पैसे देऊन घेतलेल्या रिलेतून, म्हणजे आपली पत्रं पुढे पोचवणाऱ्या सेवेतून. पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्टची एक ओळ, एसपीएफमध्ये त्यांचा एक इन्क्लूड. आयपीच्या अब्रूची कटकट त्यांच्याकडे जाते, आणि बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद असलेला होस्टही चालतो.

दोरखंड

रिलेला माझा विरोध नाही, पण दोन गोष्टी नीट समजून. एक, जाणारं प्रत्येक पत्र रिलेवाल्याला वाचता येतं. पीडितांशी पत्रव्यवहार हे स्वतः चालवायचं कारण असेल तर तेच कारण इथे मोडतं. दोन, डीमार्कसाठी जुळणी लागते : रिलेने स्वतःच्या डोमेनची डीकेआयएम सही केली तर ती तुमच्या उपयोगाची नाही. सही तुमच्या डोमेनची हवी. मेलकाऊ बाहेर पाठवण्याआधी स्वतः सही करतं, फक्त रिलेने पुढे मजकुरात काही बदल करता कामा नयेत. उघडलं-का-बघणारे ट्रॅकिंग पिक्सेल आणि बदललेले दुवे रिलेच्या सेटिंगमधून बंद करा, नाहीतर सही तुटते.

मेलकाऊत रिले डोमेनवार लावता येतो. नाजूक पत्रव्यवहाराचं डोमेन थेट, बाकीची दोन रिलेतून, असंही जमतं.

आणि वार्तापत्र या सर्व्हरवरून पाठवू नका. कधीच. त्याला वेगळं उपडोमेन आणि वेगळी सेवा. हजार देणगीदारांपैकी मोजक्यांनी जरी स्पॅमचं बटण दाबलं तरी त्याची शिक्षा हिशेबनिसाच्या रोजच्या पत्रांना होते.

अर्धविराम

कारण पीडितांचा पत्रव्यवहार हेच आहे, म्हणून स्वतः चालवणं ठरलेलं आहे. डोमेनवार रिलेची कल्पना पटली.

कॅलेंडरचं कुणी सांगेल का? लोक खरं तर मेलपेक्षा त्याचीच वाट पाहताहेत. आयफोन, अँड्रॉइड, थंडरबर्ड, थोडे आउटलुक.

नांगर

कॅलेंडर हा मेलपेक्षा अवघड भाग आहे, कारण इथे चूक लगेच दिसत नाही. बैठकीच्या दिवशी दिसते.

आधी जोडणी. आयफोनला कॅलडॅव्ह (कॅलेंडर जोडायची खुली पद्धत) मुळातच येतं. अँड्रॉइडला येत नाही. डॅव्हएक्स५ हे ॲप टाकावं लागतं आणि बॅटरी बचतीच्या यादीतून ते वगळावं लागतं, नाहीतर फोन त्याला झोपवतो आणि कॅलेंडर दोन दिवस मागे राहतं. थंडरबर्डला चालतं. आउटलुकला कॅलडॅव्ह कळत नाही, त्याला जोडणारं वेगळं प्लगइन लागतं किंवा सोगोच्या ॲक्टिव्हसिंकमधून (मायक्रोसॉफ्टच्या जोडणीपद्धतीतून) जोडावं. तेच खातं एका यंत्रावर ॲक्टिव्हसिंक आणि कॅलडॅव्ह दोन्हींनी जोडू नका, प्रत्येक कार्यक्रम दोनदा दिसतो. मग कुणीतरी 'जास्तीचा' पुसतो आणि दोन्ही जातात.

निमंत्रणं दोनदा जाण्याची तक्रार हमखास येते. कारण असं : सोगो कॅलेंडर सर्व्हर म्हणून स्वतः निमंत्रण पाठवतो, आणि काही क्लायंटही (वापरणाऱ्याकडचे ॲप) आपल्या खात्यातून मेल करतात. थंडरबर्डमध्ये त्या कॅलेंडरच्या गुणधर्मांत क्लायंटकडून निमंत्रण पाठवण्याचा पर्याय आहे, तो काढून टाका. निमंत्रण कोण पाठवणार हे एकदाच ठरवा : सर्व्हर.

सभागृहासाठी सामायिक कॅलेंडर करू नका. मेलकाऊत 'रिसोर्स' नावाचा प्रकार आहे. सभागृह तसं नोंदवा आणि एका वेळच्या बुकिंगची कडक मर्यादा १ ठेवा. मग बैठक ठरवणारा सभागृहालाही निमंत्रण देतो, आणि वेळ आधीच गेली असेल तर सर्व्हर नकार देतो. नुसत्या सामायिक कॅलेंडरमध्ये दोघांनी एकाच वेळेला नोंद केली तर दोन्ही नोंदी सुखाने शेजारी बसतात.

आता परवानग्या. सोगोत कार्यक्रमाचे तीन वर्ग असतात : सार्वजनिक, गोपनीय, खाजगी. शेअर करताना प्रत्येक वर्गाला वेगळी परवानगी देता येते. तुमच्या जाळ्यासाठी सार्वजनिकचं सगळं दिसावं, गोपनीयची फक्त तारीख-वेळ, खाजगीचं काहीच नाही. समुपदेशनाची भेट नोंदवताना वर्ग 'गोपनीय' निवडायला शिकवा. शीर्षकात नाव नको हेही सांगा, कारण शीर्षक फोनच्या लॉक स्क्रीनवर झळकतं.

वेळेचं एक. पुन्हापुन्हा येणारी बैठक नेहमी ठिकाणाच्या टाइमझोनसह नोंदवा. ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नोंदली गेली आणि सहभागी जिथे आहेत तिथे घड्याळ उन्हाळा-हिवाळ्यात बदलत असेल, तर ती त्यांच्यासाठी तासाने सरकते. आणि पूर्ण दिवसाचा कार्यक्रम 'पूर्ण दिवस' अशी खूण करूनच नोंदवा. मध्यरात्र ते मध्यरात्र असा नोंदवला तर दुसऱ्या टाइमझोनमध्ये तो दोन दिवसांवर पसरतो. स्प्रेडशीटमधून बुकिंग आयात करताना ही चूक हटकून होते.

केतकी_क

नांगर यांचं रिसोर्सबद्दलचं महत्त्वाचं. त्याला जोडून कामाच्या पत्त्यांचं.

'माहिती' हा पत्ता पाच जणांना एलियस (पत्र दुसऱ्या पेट्यांकडे वळवणारा पत्ता) करून वाटला तर प्रत्येकाला प्रत मिळते आणि उत्तर दिलं की नाही हे कुणालाच कळत नाही. एकाच पत्राला तीन उत्तरं, किंवा शून्य. त्याऐवजी ते खरं खातं करा आणि प्रत्येकाच्या क्लायंटमध्ये दुसरं खातं म्हणून जोडा. आयमॅपमध्ये (पत्रं सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीत) 'वाचलं' आणि 'उत्तर दिलं' या खुणा सर्व्हरवर राहतात, त्यामुळे उत्तराचा छोटा बाण सगळ्यांना दिसतो. पाठवलेली पत्रंही त्याच खात्याच्या फोल्डरमध्ये साठतील असं बघा. फोनवरचे काही ॲप ती आपल्याच खात्यात टाकतात.

मुख्य पासवर्ड कुणालाच देऊ नका. मेलकाऊत एका खात्याला अनेक ॲप पासवर्ड करता येतात. प्रत्येक माणसाला आणि यंत्राला वेगळा, नाव लिहून. माणूस गेला की तेवढाच पुसायचा, बाकी चौघांना काही कळतही नाही. आयमॅपला दोन-पायरी पडताळणी लावता येत नाही, म्हणून ॲप पासवर्ड हाच खरा अडसर. वेबच्या लॉगिनला दोन-पायरी सक्तीची करा.

सोडून गेलेल्याचं वैयक्तिक खातं पुसू नका. 'लॉगिन बंद' अशी स्थिती मेलकाऊत आहे : मेल येत राहते, पण आत जाता येत नाही.

पत्रावळ

बॅकअप. यावर मी हट्टी आहे.

मेलकाऊ पेट्यांमधली पत्रं डिस्कवर कूटबद्ध ठेवतं. त्या किल्ल्या वेगळ्या व्हॉल्यूममध्ये (साठवणीच्या कप्प्यात) असतात. फक्त पत्रांचं व्हॉल्यूम उचललं आणि किल्ल्यांचं राहिलं, तर बॅकअप म्हणून हातात आलेल्या फायली कधीच वाचता येणार नाहीत. डेटाबेस आणि रेडिसही (मेलकाऊतलं आणखी एक माहितीचं कोठार) घ्या. डीकेआयएमच्या खाजगी किल्ल्या रेडिसमध्ये असतात. मेलकाऊची स्वतःची बॅकअप स्क्रिप्ट 'ऑल' म्हणून चालवली की हे सगळं येतं, शिवाय मुख्य कॉन्फिग फाइल आहे का ते बघा. ते सगळं रेस्टिक किंवा बॉर्ग या बॅकअप साधनाने कूटबद्ध करून दुसऱ्या होस्टवर. बॅकअपचा पासफ्रेज सर्व्हरवरच ठेवला आणि सर्व्हर गेला तर तोही गेला. छापून दोन संस्थांच्या कपाटात ठेवा.

व्हीपीएसचा स्नॅपशॉट (अख्ख्या सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) अपग्रेडच्या आधी जरूर घ्या, पण त्याला बॅकअप म्हणू नका. तो त्याच होस्टकडे, त्याच खात्यात असतो.

तीन महिन्यांतून एकदा तात्पुरता सर्व्हर भाड्याने घेऊन पूर्ण पुनर्स्थापना करा. एक पेटी उघडा, एक जोडपत्र उघडा, एक कॅलेंडर उघडा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा, म्हणजे खरी वेळ आल्यावर लोकांना काय सांगायचं ते माहीत असेल. त्या सर्व्हरला बाहेर मेल पाठवू देऊ नका, नाहीतर रांगेतली जुनी पत्रं पुन्हा जातील.

दुसरा, राखीव एमएक्स घ्यावा का असं लोक विचारतात. नको. आपला सर्व्हर बंद असला तर पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. राखीव एमएक्सवर मात्र मुद्दाम स्पॅम येतं, कारण तिथली गाळणी ढिली असते.

नांगर

स्थलांतराचा क्रम, जुन्या शेअर्ड होस्टिंगवरच्या डोमेनसाठी :

१. नव्या सर्व्हरवर सगळी खाती आधी तयार. एकही राहिलं तर त्याची पत्रं 'असा पत्ता नाही' म्हणून परत जातील.
२. एमएक्सचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ते) ३०० सेकंदांवर. जुना टीटीएल ८६४०० असेल तर निदान एक पूर्ण दिवस आधी.
३. आयमॅपसिंकची (एका सर्व्हरवरच्या पेट्या दुसऱ्यावर उतरवणाऱ्या साधनाची) पहिली फेरी. आधी ड्राय (प्रत्यक्ष काही न उतरवणाऱ्या) पर्यायाने चालवून फोल्डरांची नावं जुळतात का बघा. 'सेंट' नावाची दोन फोल्डरं होणं नेहमीचं.
४. एमएक्स बदला, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नाही.
५. जुन्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये त्या डोमेनची स्थानिक मेल बंद करा. हे राहिलं तर त्याच होस्टिंगवरच्या इतर ग्राहकांची आणि तुमच्या स्वतःच्या वेबसाइटच्या फॉर्मची पत्रं एमएक्स न बघता जुन्याच पेटीत पडत राहतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, म्हणून आठवडेच्या आठवडे कळत नाही.
६. दोन दिवसांनी आयमॅपसिंकची दुसरी फेरी. आधी आलेली पत्रं तो पुन्हा आणत नाही.

वैयक्तिक खात्यांतून सरसकट काही आणू नका. माणसाने स्वतः संस्थेची पत्रं एका लेबलखाली काढावीत आणि तेवढंच फोल्डर आणावं. जीमेलमधून आणताना 'ऑल मेल' वगळा, नाहीतर प्रत्येक पत्र दोनदा येतं आणि कोटा पहिल्याच दिवशी भरतो.

जोडपत्राची मर्यादा सांगताना लक्षात असू द्या : बेस६४ मुळे (मेलमध्ये फाइल मजकुरात बदलायच्या पद्धतीमुळे) फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. २५ एमबीची फाइल जायला हवी असेल तर पोस्टफिक्सची मर्यादा ३५ एमबीच्या वर लागते. त्यापेक्षा मोठं काही असेल तर दुवा पाठवावा.

दोरखंड

सुरक्षेचं थोडक्यात, पण यातलं काही वगळू नका.

सगळ्यात संभाव्य अपघात म्हणजे कुणाचा तरी पासवर्ड चोरीला जाणं आणि त्या खात्यातून रातोरात हजारो पत्रं सुटणं. म्हणून प्रत्येक खात्याला पाठवण्याची मर्यादा लावा. तासाला ५० पत्रं माणसाला भरपूर होतात. रांग अचानक वाढली की इशारा यावा. असं झालंच तर क्रम : खातं बंद, ॲप पासवर्ड पुसा, रांगेतली त्या खात्यातून निघालेली पत्रं काढा, मगच काळ्या यादीतून नाव काढायचा अर्ज. आधी अर्ज केला आणि रांग वाहत राहिली तर पुन्हा यादीत, आणि दुसऱ्या वेळी ते सहज ऐकत नाहीत.

डॉकर आपले पोर्ट स्वतः उघडतं आणि यूएफडब्ल्यूच्या (लिनक्सच्या फायरवॉल साधनाच्या) नियमांना वळसा घालतं. यूएफडब्ल्यूत 'बंद' दिसतंय म्हणजे बंद आहे असं समजू नका, बाहेरून स्कॅन करा. मेल आणि वेबसाठी २५, ४६५, ५८७, ९९३, ४४३ आणि ८० उघडे लागतात. गाळण्या क्लायंटमधून लावायच्या असतील तर ४१९०. ८० बंद केला तर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या मोफत सुरक्षा-प्रमाणपत्राचं नूतनीकरण अडतं. प्रमाणपत्राची मुदत ९० दिवस, त्यामुळे चूक आज आणि तक्रार काही आठवड्यांनी. मुदत संपत आल्याची मेलही ते २०२५ च्या जूनपासून पाठवत नाहीत, तेव्हा स्वतःची तपासणी ठेवा.

काळ्या याद्यांची चौकशी सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हरमधून (सगळ्यांसाठी खुल्या नाव-शोध सेवेतून) करू नका, स्पॅमहॉस तिथून उत्तर देत नाही. मेलकाऊ अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर आणतं, त्याला पुढे कुणाकडे वळवू नका.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. सुधारलेला आराखडा : ८ जीबी रॅम, ३२० जीबी डिस्क, तिन्ही डोमेनना एकच सर्व्हरनाव, नाजूक डोमेन थेट आणि दोन रिलेतून, वार्तापत्र बाहेर, सभागृह रिसोर्स म्हणून, बॅकअप दुसऱ्या होस्टवर. आधी सर्वात लहान संस्थेची सहा खाती महिनाभर चालवायची, मग बाकीच्या. काही राहिलं का?

केतकी_क

डोमेनची मालकी. तिन्ही डोमेन कुणाच्या नावावर आहेत ते आजच पाहा. बहुतेक ठिकाणी एखाद्या जुन्या स्वयंसेवकाच्या नावावर निघतात. संस्थेच्या नावावर करून घ्या आणि स्वयंचलित नूतनीकरण लावा. रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) खात्याचा पुनर्प्राप्तीचा ईमेल याच डोमेनवरचा नको. डोमेन अडकलं की मेल बंद, आणि ते सोडवायची किल्ली त्याच बंद मेलमध्ये. होस्टिंगच्या खात्यालाही हेच लागू.

पत्रावळ

देखरेखीचंही तसंच : सर्व्हर पडल्याचा इशारा त्याच सर्व्हरच्या मेलवर येऊन उपयोग नाही. तपासणी दुसऱ्या यंत्रावरून, इशारा दोघांच्या फोनवर. तपासायचं काय : ९९३ वर (आयमॅपच्या पोर्टवर) लॉगिन होतं का, रांगेत किती पत्रं, डिस्क ८० टक्क्यांच्या वर गेली का, प्रमाणपत्राचे किती दिवस उरले, आणि रात्रीचा बॅकअप झाला का. शिवाय 'पोस्टमास्टर' आणि 'अब्यूज' हे पत्ते तिन्ही डोमेनवर हवेत आणि कुणीतरी ते रोज वाचायला हवेत; समोरचा सर्व्हरवाला तक्रार करायची झाली तर तिथेच लिहितो. सहा खात्यांच्या महिन्यातच ही वाचायची पाळी कोणाची ते ठरवून टाका.